दुपारची गोळी

मिरजेला नर्सिंग शिकत असताना केअर प्लॅन हा प्रकार आम्ही एकमेकींच्या फायलींतून उतरवून काढत असू. रात्रपाळीत वॉर्ड शांत झाला की सिनियरची जुनी फाइल उघडायची, पेशंटचं नाव आणि बेड नंबर बदलायचा आणि खाली तीच चार वाक्यं लिहायची. वेदनेमुळे आरामात बाधा. आजाराबद्दल माहितीचा अभाव. संसर्गाचा धोका. चौथं वाक्य झोपेविषयीचं असायचं. हर्नियापासून टायफॉइडपर्यंत ही वाक्यं कुणालाही चालत. ट्यूटरबाईंना हे कळत नसेल असं नाही, पण त्यांनीही त्यांच्या काळी असंच उतरवलेलं असणार. सही मिळून जायची. वॉर्डात चाळीस खाटा आणि दोन सिस्टर असल्यावर ती फाइल पुन्हा उघडायला कुणाला फुरसत होती?

त्यामुळे ‘नर्सिंग डायग्नोसिस’ म्हणजे परीक्षेत लिहायची एक गोष्ट, एवढीच माझी समजूत होती. डॉक्टर रोगाचं निदान करतात. त्या रोगापायी या माणसाला काय जमेनासं झालंय, कशाचा धोका आहे, त्याला कशाची मदत लागणार आहे हे नर्सने ओळखायचं, ते तिचं निदान. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईसला नर्सेसची एक परिषद भरली आणि अशा निदानांची पद्धतशीर यादी करायला सुरुवात झाली, हे पुस्तकात होतं. पाठ केलं, पेपरात लिहिलं, विसरले.

२००२ मध्ये मी न्यू जर्सीला गेले. एनक्लेक्स, म्हणजे तिथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा, तिसऱ्या प्रयत्नात सुटली, हे आता सांगायला लाज वाटत नाही. दोन वर्षं हॉस्पिटलात काढली आणि मग होम केअरमध्ये आले, कारण रात्रपाळी नव्हती आणि मुलगी लहान होती. घरोघर जाऊन पेशंट बघायचे. गाडीच्या डिकीत ड्रेसिंगचं सामान, खांद्याला बॅग, मांडीवर लॅपटॉप. बॅग कुणाच्या सोफ्यावर नुसती ठेवायची नाही, खाली कागद अंथरायचा. आधी हात धुवायचे, मगच चेन उघडायची. वॉर्डात पेशंट आपल्या राज्यात असतो आणि घरी आपण त्याच्या. कुत्रं कुठे बांधायचं, टीव्ही बंद करायचा की नाही, खुर्ची कुठली घ्यायची, सगळं त्याच्या मर्जीने.

पहिल्या भेटीला दीड-दोन तास जायचे आणि त्यातला मोठा वाटा कागदांचा. ओॲसिस नावाचा एक लांबलचक फॉर्म होता. मेडिकेअरकडून, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याकडून, पैसे घेणाऱ्या एजन्सींना तो १९९९ पासून सक्तीचा झालेला. चालतो कसा, आंघोळ कशी करतो, गोळ्या स्वतः घेतो का, प्रत्येक प्रश्नाला शून्यापासून पुढचे आकडे. ऑक्टोबर २००० पासून मेडिकेअर दर भेटीमागे पैसे देणं बंद करून साठ दिवसांचे एकत्र पैसे द्यायला लागलं होतं आणि ते किती हे बरंचसं याच आकड्यांवर ठरायचं. त्यामुळे ऑफिसात आकड्यांची फार काळजी.

ओॲसिस संपला की आमच्या लॅपटॉपवर दुसरी यादी उघडायची. तिच्यावर माझा जीव जडला.

ती होम हेल्थ केअर क्लासिफिकेशन नावाची पद्धत होती. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात व्हर्जिनिया साबा या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८८ ते १९९१ या काळात ती तयार केली. मला आवडली ती तिची जन्मकथा. साबाबाईंनी खोलीत बसून रोगांची पुस्तकं चाळली नाहीत. देशभरातल्या ६४६ होम केअर एजन्सींकडून जवळजवळ नऊ हजार पेशंटची माहिती गोळा केली आणि नर्सेसनी आपल्या शब्दांत लिहिलेल्या नोंदी घेतल्या. पेशंटला काय अडचण होती, आम्ही काय केलं. ती हजारो वाक्यं चाळून, सारखी सारखी एकत्र करून यादी निघाली. वीस घटक, ए पासून टी पर्यंत एकेक अक्षर. ए म्हणजे हालचाल, सी म्हणजे हृदय, जी म्हणजे आरोग्याचं वागणं, एच औषधं, एम घरातली भूमिका आणि नाती, ओ स्वतःची निगा, आर त्वचा, टी लघवी. त्यांच्याखाली १४५ निदानं आणि १६० उपाय. प्रत्येक उपायाला आणखी एक खूण लावायची: नर्सने नुसतं पाहिलं, हाताने केलं, शिकवलं की व्यवस्था लावली. आणि शेवटी अपेक्षा लिहायची की हा माणूस सुधारेल, आहे तसा राहील की ढासळेल. हे तिसरं लिहायचीही मुभा होती, याचं मला फार बरं वाटलं. मिरजेच्या वॉर्डात आम्ही मरणाऱ्या माणसाच्या केअर प्लॅनमध्येसुद्धा ‘प्रकृतीत सुधारणा’ असंच लिहीत होतो.

माझ्यासारखीच्या कामाला नाव मिळालं होतं. तासभर पेशंटच्या लेकीशी बोलून तिचं रडू ओसरेपर्यंत बसले, तर आधी मी ‘भेट दिली’ एवढंच लिहिलं असतं. आता त्याला अक्षर होतं, आकडा होता. नवीन हत्यार हाताला बसलं की माणूस जरा शेफारतो. तसं माझंही झालं.

२००६ च्या हिवाळ्यात एडिसन गावच्या एका काकू माझ्याकडे आल्या. वय चौऱ्याहत्तर, हार्ट फेल्युअर, पायांना सूज, दोन महिन्यांत दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलेल्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, नातू पहिलीत. ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांपासून गाडीने दहा मिनिटांवर घर. मी मराठी बोलते म्हणताच काकूंचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणी नजर माझ्या बुटांवर गेली. एजन्सीचा नियम बुटांवर निळी पिशवी चढवायचा. काकूंचा नियम बूट दाराबाहेर. मी बूट काढले.

त्यांच्या पायात जोडवी होती. सूज इतकी की जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी बोटाचं मांस वर आलेलं आणि चांदी आत रुतलेली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि मी वही काढून लिहीपर्यंत भरायचा नाही. वजन रोज सकाळी करायचं, एका दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच वाढलं तर फोन करायचा, हे मी समजावलं. पाणी उतरवायची गोळी दिवसातून दोनदा होती, सकाळी आठला आणि दुपारी दोनला. गोळ्यांचा डबा आठवड्याचा, रोजचे दोन खण. पुढच्या आठवड्यात उघडून बघते तर सकाळचे खण रिकामे आणि दुपारचे पाच भरलेले. फक्त शनिवार-रविवारचे रिकामे.

शनिवार-रविवार. तेव्हाच डोक्यात दिवा लागायला हवा होता. नाही लागला.

मी लॅपटॉप उघडला. जी अक्षराखाली एक निदान होतं, सांगितलेले औषधोपचार न पाळणं. खूण केली. उपाय, शिकवणं. गोळी कशासाठी, न घेतल्यास काय होतं, मीठ कशात कशात असतं. लोणचं आणि पापड यांवर मी जवळजवळ व्याख्यानच दिलं. काकू मान डोलवत होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच पाच खण. पुन्हा शिकवणं. तिसऱ्या आठवड्यात मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, “काकू, असं केलंत तर पुन्हा हॉस्पिटलात जावं लागेल.” त्या म्हणाल्या, “हो गं बाई, चुकलंच माझं.” स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. निदान आहे, उपाय आहे, तारीख आहे, सही आहे. काकूंचं वजन चार पौंडांनी वाढलं होतं.

आमच्या ऑफिसात एक मल्याळी सिस्टर होती. ती आधी ज्या एजन्सीत होती तिथे ओमाहा पद्धत वापरत. नेब्रास्काच्या ओमाहा शहरातल्या घरोघर जाणाऱ्या नर्सेसच्या संस्थेने सत्तरच्या दशकापासून ती घडवत आणली. २००५ च्या आवृत्तीत बेचाळीस समस्या चार गटांत मांडलेल्या आहेत आणि पहिला गट शरीराचा नाही, परिसराचा आहे: उत्पन्न, स्वच्छता, राहतं घर, शेजारपाजार. त्यात प्रत्येक समस्येला तीन मार्क द्यायचे, एक ते पाच. माणसाला माहिती किती, तो वागतो कसा, त्याची अवस्था कशी. डबा खाता खाता मी तिला काकूंचं गाऱ्हाणं सांगितलं. तिने विचारलं, “माहितीला किती देशील?”

काकू गोळीचं नाव, रंग, किती मिलिग्रॅम, सगळं घडाघडा सांगायच्या. मी म्हटलं, “पाच.”

“मग तीन आठवडे तू तिला शिकवते आहेस काय?”

घास तसाच राहिला.

पुढची भेट मी मुद्दाम दुपारी ठेवली. अडीचला पोचले. काकू कोट घालून, डोक्याला मफलर गुंडाळून दारातल्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. मला बघून अशा दचकल्या, जशी काही चोरी पकडली. “आज सकाळी नाही आलीस?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मग हळूहळू बाहेर आलं. तीन वीसला नातवाची शाळेची बस कोपऱ्यावर येते. घ्यायला मोठं माणूस उभं नसेल तर ड्रायव्हर पोराला उतरू देत नाही. घरापासून कोपरा साठ-सत्तर पावलं, त्यात त्यांना दोनदा थांबावं लागतं, म्हणून लवकर निघायचं. बस कधी दहा मिनिटं उशिरा येते. दोनची गोळी घेतली की तासाभरात सुरू होतं आणि मग थारा राहत नाही. पहिल्या आठवड्यात एकदा, बर्फात, कोपऱ्यावर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पदराचा शेव बोटाला गुंडाळत राहिल्या. घरी येऊन त्यांनी साडी स्वतःच धुतली होती आणि सुनेला कळू दिलं नव्हतं.

“मग मला सांगायचं नाही का काकू?”

“मुलगा म्हणाला, बाहेर जाते म्हणून सिस्टरला सांगू नकोस. तू यायची बंद होशील.”

तो चूक म्हणत नव्हता. मेडिकेअर घरी नर्स पाठवतं ते घराबाहेर पडणं ज्याला अतिशय कष्टाचं आहे अशा माणसासाठी. अधूनमधून, थोड्या वेळापुरतं, डॉक्टरांकडे किंवा देवळात गेलं तर चालतं. रोज नातवाला आणायला जाणं त्यात कसं बसवायचं?

गाडीत बसून मी पुन्हा ती यादी काढली. जी खालचं निदान काढून टाकलं. ओ खाली संडास-लघवीच्या वेळेची अडचण आली. एम खाली भूमिका, म्हणजे आजी, आणि आजी म्हणजे त्या घरातली बिनपगारी पाळणाघरवाली. हेही सगळं त्याच यादीत होतं, चार ओळी खाली सरकवलं असतं तर दिसलं असतं. यादी चुकली नव्हती. मी पहिल्याच अक्षरावर थांबले होते, कारण ते अक्षर लिहिलं की दोष पेशंटच्या खात्यात जातो आणि सिस्टर मोकळी होते. उपाय ‘शिकवणं’ खोडून ‘व्यवस्था लावणं’ केला आणि डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या नर्सने डॉक्टरांना विचारून पाच मिनिटांत सांगितलं: सकाळची गोळी सातला घ्या, दुसरी चारला. रात्री दहाच्या आत सगळं उरकतं, झोपही मोडत नाही. एवढंच होतं. एक महिना घालवला होता मी.

दहा दिवसांत काकूंचं वजन सहा पौंडांनी उतरलं. एका सकाळी त्यांनी मला पाय पुढे करून दाखवला. जोडवं बोटात गोल फिरत होतं.

आता यातला नकोसा भाग. मी खरं लिहिलं होतं, आणि लिहिलेलं वाचायला सुपरवायझर असते. तिने बोलावून शांतपणे विचारलं, “ही बाई रोज बाहेर जाते?” मी म्हटलं, “कष्टाने जाते, धापा टाकत जाते.” ती म्हणाली, “पण रोज जाते. आणि आता सूजही उतरली आहे.” तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. तीन आठवड्यांत काकूंचा डिस्चार्ज झाला. कागदावर अपेक्षा ‘सुधारणा’, निकाल ‘सुधारणा’, सगळं जुळलेलं. शेवटच्या भेटीला मुलगा मुद्दाम थांबला होता. त्याने माझ्याकडे न बघता फॉर्मवर सही केली. काकूंनी बेसनाचे दोन लाडू पेपर नॅपकिनमध्ये बांधून दिले. म्हणाल्या, “खरं लिहिलंस ते बरं केलंस हो. पण आता माझा पाय कोण दाबून बघणार?” पुढच्या थंडीत त्या पुन्हा हॉस्पिटलात गेल्या की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या कामात डिस्चार्जनंतर फोन करायची पद्धत नव्हती आणि मी केला नाही.

त्यानंतर ‘पाळत नाही’ हे निदान लिहिताना माझा हात अडखळायला लागला. लिहिलंच नाही असं नाही, काही माणसं खरोखरच हट्टी असतात. एक निवृत्त पोस्टमन आजोबा होते, मधुमेहाची जखम पायाला आणि रोज रात्री आइस्क्रीम. त्यांना सगळं ठाऊक होतं, कसली अडचण नव्हती, आणि ते मला डोळा मारून सांगायचे की उरलेलं आयुष्य व्हॅनिलाशिवाय काढायचं नाही. तिथे मी ते बिनदिक्कत लिहिलं.

२०१५ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. दोन वर्षांनी सासऱ्यांना डाव्या बाजूचा लकवा झाला. बोलणं शाबूत होतं, चालणं गेलं. मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागलेली, म्हणून दिवसासाठी ब्यूरोतून एक मावशी ठेवल्या. बार्शीकडच्या, सातवी शिकलेल्या, हाताला अत्यंत स्वच्छ. ब्यूरोने त्यांना शंभर पानी वही दिली होती. त्यात त्या दिवसभराचं लिहीत. “७ चा दिला. ८ संडास झाली. ९ पेपर वाचून दावला. १२ जेवन अर्धं. आज आजोबा खुश.” कुठे “आज गप”. कुठे “लेकीचा फोन आला, रडले”.

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. ही काय नोंद झाली? एका रविवारी पट्टी घेऊन बसले आणि नव्या वहीत सात खाने आखले. पाणी, लघवी, संडास, कातडी, हालचाल, औषध, झोप. कुशीवर कधी वळवलं, टाच लाल आहे का, किती मिलिलिटर. मावशींना समजावलं. त्यांनी चार दिवसांत ते अचूक भरायला सुरुवात केली. अक्षर किरटं, पण खाना सोडायच्या नाहीत. घरी येणाऱ्या डॉक्टरांनीही वही बघून वाहवा केली. मी ते विद्यार्थिनींना नमुना म्हणून दाखवायलाही नेलं होतं.

महिन्याभराने एका रात्री सासऱ्यांना थंडी वाजून ताप भरला. सकाळपर्यंत ते बरळायला लागले, मला आपली थोरली बहीण समजून हाक मारत होते. लघवीचा संसर्ग निघाला, चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. त्या वयात संसर्गाचं पहिलं लक्षण पुष्कळदा ताप नसतोच. माणूस मंदावतो, बोलणं कमी होतं, लक्ष उडतं. हे मी वर्गात शिकवते. हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून ती सात खान्यांची वही उलटसुलट केली. लघवी ठीक, पाणी थोडं कमी, औषध बरोबर. काही दिसेना.

मावशी डबा घेऊन आल्या तेव्हा विचारलं, “मावशी, तुम्हाला आधी काही वेगळं वाटलं नव्हतं?”

“वाटलं की,” त्या म्हणाल्या. “तीन दिस गपच हुते. पेपर बी नगं म्हनले.”

“मग लिहिलं का नाही?”

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. “तुमच्या वहीत त्याला घर कुठं हुतं?”

मला एडिसनचे ते पाच भरलेले खण आठवले. आणि साबाबाईंनी देशभरातून गोळा केलेल्या नोंदी. त्या बाईने नर्सेसची वाक्यं आधी जमवली होती आणि खाने मागून पाडले होते. मी आधी खाने पाडले आणि मावशींचं वाक्य बाहेर ठेवलं.

सासरे घरी आल्यावर मी पट्टी मावशींच्याच हातात दिली. म्हटलं, आठवा खाना तुम्ही आखा. जागा कमी होती म्हणून त्यांनी झोपेच्या खान्यातून थोडी काढून घेतली आणि रेघ जराशी तिरकी गेली. वर काय लिहू म्हणाल्या. तुम्हाला वाटेल ते, म्हटलं. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि ‘मन’ लिहिलं, मग ते खोडलं, आणि ‘गप / बोलले’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर वही उघडली. पाणी नऊशे मिलिलिटर. टाच ठीक. आठव्या खान्यात अक्षरं मावली नव्हती, म्हणून ती समासात चढली होती: “बोलले. चात साखर नाही म्हनून वरडले.”